दोन वर्ग, एक फोन

सकाळी ६

शाळेत इंटरनेटवरचं जे काही लागेल ते सगळं मी राजूरहूनच भरून नेते. वाडीत रेंज अजिबात नाही असं नाही. मारुतीच्या पाराच्या एका टोकाला उभं राहिलं की दोन काड्या येतात. पण पारावर वर्ग भरत नाही, आणि अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला आषाढात पारावर कुणी उभंही राहत नाही. म्हणून चहा उकळेपर्यंत फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर आजचं सामान भरून घ्यायचं.

आज तीन गोष्टी हव्या होत्या. चौथीला अपूर्णांक चालू आहेत, त्यासाठी ‘फेट’ची एक प्रतिकृती. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतात. आमच्यासारख्या शाळेला हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा. दुसरी गोष्ट म्हणजे स्टोरीवीव्हरवरची दोन पुस्तकं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये हे दालन उघडलं. लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवलं की त्यातली गोष्ट छापा, सोपी करा, आपल्या बोलीत आणा, सगळ्याला मोकळीक आहे. आणि तिसरी, गूगल अर्थवरून काढलेली आमच्याच भागाची चित्रं. शाळेत थेट नकाशा उघडत नाही, म्हणून रात्री एकेका टप्प्यावर थांबून स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते.

फोन हातात आहे तोवर ग्रुपही बघून घ्यावे लागतात. केंद्राचा, पोषण आहाराचा, प्रशिक्षणाचा, आणखी दोन-तीन. ‘दुपारी बारापर्यंत लिंक भरावी, अतितातडीचे’ असा निरोप रात्री उशिरा येऊन पडला होता. माहिती मागच्याच आठवड्यात दिलेली, फक्त रकान्यांचा क्रम वेगळा. बारा वाजता मी अपूर्णांकांत असणार, म्हणून पोहे परतता परतता ती भरून टाकली.

सकाळी ९.१५

वाटेत दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन माणसं चिखलात वाकलेली. या दिवसांत हजेरी घसरते, कारण आई लावणीला गेली की धाकट्याला कोण बघणार? एका बांधावर माझीच तिसरीतली मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसलेली दिसली. गाडी थांबवली. तिच्या आईला म्हटलं, “अंगणवाडी उघडी आहे ताई, दोघांनाही धाडा.” ती कंबर सरळ करून उभी राहिली, हातातली रोपाची मूठ तशीच. “एवढं रोप संपलं की धाडते मॅडम. दहापर्यंत.”

शाळा द्विशिक्षकी. पट चौतीस. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन खोल्या, एक व्हरांडा, तांदळाच्या पोत्यांची एक छोटी खोली, आणि वर पत्रा.

सकाळी १०

परिपाठ व्हरांड्यात. आमच्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे, आणि राष्ट्रगीत, राज्यगीत, पसायदान सगळं त्यावर लावता येतं. सरांनी आणि मी मिळून ते बंद केलं. स्पीकर गायला लागला की मुलं ओठ हलवतात. स्पीकर नसला की चौथीतली पोरं सूर धरतात आणि पहिलीतली त्यांच्या मागून जातात. सुविचार, दिनविशेष, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सगळं मुलांच्याच तोंडून. हजेरी आधी कागदावर घेतली. ऑनलाइन हजेरी भरायला सर छत्री घेऊन पाराकडे गेले. बांधावरची मुलगी आली, भावाला अंगणवाडीत सोडून.

सकाळी १०.४०

आता माझ्या मते दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास. या तासाला टीव्ही नाही. एक जुना, सिमकार्ड काढलेला फोन आणि त्यातलं साधं ध्वनिमुद्रण, एवढंच.

प्रत्येक मूल महिन्यातून एकदा पोत्यांच्या खोलीत बसून एक उतारा मोठ्यानं वाचतं. तिथंच का, तर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तिथं कमी येतो. फाइलला इयत्ता, हजेरी क्रमांक आणि महिना एवढंच नाव द्यायचं. मग मुलानं स्वतःचं वाचन स्वतः ऐकायचं. समोर तोच उतारा, हातात पेन्सिल. जिथं चुकलं असं वाटेल तिथं आपणच खूण करायची. मी मध्ये बोलत नाही. तेवढा वेळ बाहेर बाकीची मुलं जोडीजोडीनं एकमेकांना वाचून दाखवतात. आवाज फार वाढला तर सर पलीकडून डोकावतात.

आज चौथीतला एक मुलगा आला. अंगानं सगळ्यात थोराड, वाचनात सगळ्यात मागे, आणि ते त्याला ठाऊक असल्यामुळे वर्गात कधी आपणहून उठत नाही. उताऱ्यात ‘पर्वत’ होता. त्यानं ‘प्रवत’ वाचलं. पुढं ‘गर्दी’ आली, ती ‘ग्रदी’ झाली. रफार ज्या अक्षरावर काढलाय त्याच्या आधी उच्चारायचा, हे त्याला फळ्यावर दाखवलं, पाटीवर गिरवून घेतलं, बोटानं धरून दाखवलं. मान डोलावतो आणि पुन्हा प्रवत वाचतो.

पहिल्यांदा ऐकताना त्याचं लक्ष नुसतं आवाजाकडं होतं. गालात हसत होता. दुसऱ्यांदा ऐकताना पेन्सिल ओळीवरून सरकत गेली आणि एकदम थांबली. “थांबवा थांबवा.” मागं नेलं. पुन्हा ऐकलं. पुस्तकाकडं पाहिलं. “मॅडम, मी प्रवत म्हनलो.”

मी गप्प. त्यानं रफाराभोवती गोल केला. मग त्याच्या बोटांना जणू वासच लागला. पुढची ‘गर्दी’ त्यानं फोन वाजायच्या आधीच पकडली आणि तिथंही गोल केला. उतारा संपल्यावर म्हणाला, “मागचं लावा ना.” जूनमधली फाइल लावली. त्यात तो एकेक अक्षर सुटं सुटं म्हणत होता, दर ओळीला दम घेत होता. पूर्ण ऐकलं आणि विचारलं, “ह्यो मीच का?” आवाज ओळखला होता त्यानं. वाचन ओळखीचं वाटत नव्हतं.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं त्याचं लक्ष्य आहे, आणि २०२६-२७ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल तिथं पोचावं अशी मुदत. या आकड्याशी माझं भांडण नाही. पण आकडा मला मूल किती मागे आहे तेवढंच सांगतो. कुठे अडलंय ते सांगत नाही. ते मला या फायलींतून कळतं. कुणाला रफार जात नाही, कुणी शेवटचं अक्षर गिळतं, कुणी पहिल्या दोन अक्षरांवरून शब्दाचा अंदाज करून मोकळं होतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. आणि ज्याची चूक त्यालाच सापडली, त्याच्यावर उपाय करायला मला निम्मीच मेहनत पडते.

हलणारी-बोलणारी कार्टून आमच्याकडेही आहेत, पेनड्राइव्ह भरून. ती लावली की वर्ग चिडीचूप होतो, आणि बाहेरून येणाऱ्याला ते फार आवडतं. पण दहा मिनिटांनी मुलांना विचारलं तर कोल्ह्याच्या टोपीचा रंग सांगतात. धड्यात काय होतं ते चाचपडतात. त्या दहा मिनिटांत त्यांनी काहीच केलेलं नसतं. म्हणून वर्गात आणायचं साधन निवडताना मी एकच गोष्ट पाहते, हे समोर असताना मुलाला काय करावं लागणार आहे? नुसतं बघायचं असेल तर ते साधन मला नको.

या फायली शाळेच्या मेमरी कार्डवर राहतात, कुठल्या ग्रुपवर जात नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. ते वाचल्यावर आम्ही पालकसभेत सगळं समजावून सांगितलं, रेकॉर्डिंग वाजवून दाखवलं. एका वडिलांनी आपल्या मुलाचं दोनदा लावायला लावलं.

दुपारी १२

अपूर्णांक. खिचडी रांधणाऱ्या ताई आज घरून नाचणीची भाकरी घेऊन आल्या होत्या, मी सांगून ठेवलं होतं. दोन भाग कुणीही करतं. चार भागही होतात. तीन सारखे भाग करा म्हटल्यावर मात्र गोंधळ उडाला. एकानं पाव तोडला, उरलेल्याचे दोन केले, आणि “हे तीन झाले की” म्हणून मोकळा झाला. वर्गानं लगेच आरडाओरडा केला की सारखे नाहीत. त्या आरडाओरड्यात निम्मा धडा झाला.

मग टीव्ही. चौथीत हमखास होणारी चूक म्हणजे चार हे तीनापेक्षा मोठे, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा. भाकरी एकदा मोडली की परत सांधता येत नाही. फेटच्या पडद्यावर तोच गोल तीन भागांत करा, चारांत करा, सहांत करा, पुन्हा अख्खा करा, दोन गोल शेजारी ठेवून बघा. माऊस हजेरी क्रमांकानं फिरतो. ज्याच्या हातात माऊस तो हलवणार, पण काय हलवायचं ते बसलेल्यांनी सांगायचं आणि आधी अंदाज बोलायचा. “भाग वाढवले की तुकडा बारीक होतो” हे वाक्य मी बोलले नाही, शेवटच्या बाकावरून आलं. ते आलं की मी टीव्ही बंद केला. अजून चार मुलांची पाळी राहिली होती, कुरकुर झाली, पण हे वाक्य वहीत चित्रासह उतरणं जास्त गरजेचं होतं. ती चार उद्या पहिली.

हा टीव्ही २०१७ मध्ये लोकवर्गणीतून आला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतरची ती वर्षं होती, गावोगाव डिजिटल शाळांची लाट होती. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; आज बालभारतीच्या पुस्तकात धड्याच्या बाजूला तो चौकोन दिसतो, तो ‘दीक्षा’वर नेतो. दीक्षा देशात ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली, तेव्हा आमच्या वाडीतल्या माणसांनीही मला ते वाचून दाखवायला लावलं होतं. या सगळ्यातली जी गोष्ट मला जवळची वाटते ती ही, की ही युक्ती एका खेड्यातल्या शिक्षकाच्या वर्गातून निघाली. वर्गात काय अडतं ते ज्याला रोज दिसतं, त्याच्या हातून साधन तयार झालं तर ते टिकतं.

दुपारी १

खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण सरांना आणि ताईंना झोपेतही सांगता येतं. ताटं मोजली, वहीत लिहिली. तोच आकडा फोनवर भरायला मी पाराकडे गेले. पाऊस जोरात. काड्या येतात आणि जातात, चक्र फिरत राहतं. जेवणाची अर्धी सुट्टी त्यातच गेली.

हे मला मनापासून खटकतं, आणि मी ते केंद्रातल्या प्रत्येक शिक्षण परिषदेत बोलते. माहिती वर जायला हवी, तांदळाचा हिशेब चोख हवा, याबद्दल वाद नाही. पण ही माहिती भरणारा फोन माझा, त्यातला डेटा पॅक माझा, आणि वेळ मात्र मुलांचा. त्याच फोनवर मला चौथीचा अपूर्णांक आणायचा असतो. शाळेला तिची स्वतःची जोडणी आणि स्वतःचं यंत्र मिळालं, आणि एकदा भरलेली माहिती पुन्हा मागितली गेली नाही, तर आमच्यासारख्या प्रत्येक शाळेत रोज एक तास शिकवायला मोकळा होईल.

दुपारी १.४५

तिसरी-चौथी एकत्र. फळ्यावर प्रश्न लिहिला, आपल्या पत्र्यावरचं पाणी कुठं जातं?

ओढ्याला. ओढा धरणाला. आणि धरणातून? “नगरला,” एक जण म्हणाला. मग चित्रं लावली. वरून बघितल्यावर आधी कुणालाच काही ओळखेना. मग भंडारदऱ्याचा जलाशय दिसला, त्याच्या तोंडाशी विल्सन धरणाची भिंत, १९२६ सालची. तिथून एकानं कळसूबाई शोधलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर, दुसऱ्यानं रतनगड, जिथं प्रवरा उगम पावते. मग आपली वाडी सापडली आणि वर्ग उठून टीव्हीपाशी गेला. सगळ्यांना शाळेचा पत्रा बघायचा होता. दिसला. निळा ठिपका.

पुढं प्रवरेच्या काठानं निघालो. रंधा धबधबा, निळवंडे, अकोले, संगमनेर. ज्यांचे नातेवाईक जिथं आहेत तिथं थांबत. नेवासे. प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते, तिथून जायकवाडीचा नाथसागर, पैठण. आणि पैठणला लाईट गेली.

इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी या पावसात पुरती भरत नाही. ती आम्ही पहिलीच्या खोलीतल्या दिव्याला राखून ठेवतो. मुलं म्हणाली, “आता?” भिंतीवर भारताचा कागदी नकाशा आहेच. तो खाली काढला, फरशीवर अंथरला, आणि त्याच्या शेजारी खडूनं मोठी गोदावरी काढायला घेतली. नांदेड, तेलंगण, राजमहेंद्री, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी बंगालचा उपसागर. एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. पत्र्यावरचं पाणी एवढं लांब जातं हे त्यांना खडूनं रांगत जाताना जास्त कळलं असावं, कारण पडद्यावर तो प्रवास तीन मिनिटांत संपला असता.

मग तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “माझ्या मामाच्या दाराचं पाणी तिकडं जात नाही. ते खाली कोकणात पडतं.” मामा घाटघरच्या कड्यापाशी राहतो. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मी सकाळच्या चित्रांतलं घाटघरचं चित्र फोनवर उघडून फिरवलं. हिरवं पठार, मग एकदम तुटलेली कडा, आणि खाली ठाणे जिल्हा. कड्याच्या अलीकडचा थेंब बंगालच्या उपसागरात, पलीकडचा अरबी समुद्रात. मुलीनं खडू घेतला आणि फरशीवर कड्याची रेघ स्वतः ओढली. जलविभाजक हे नाव मी नंतर सांगितलं. वरून काढलेल्या चित्राशिवाय ती कडा मला कधीच अशी दाखवता आली नसती, आणि मुलीनं मामाचं दार आणलं नसतं तर ते चित्र काढूनही बाकी मुलांपर्यंत पोचलं नसतं.

दुपारी ३

पाऊस उघडला तसे चौथीतले सहा जण जुना फोन घेऊन शेजारच्या आजींकडे गेले, मी बरोबर. विषय बियाणं. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव मुलांना माहीत आहे. पण प्रत्येक वाडीत अशी एखादी तरी म्हातारी असते जिच्या डोक्यात बियाण्याचा सगळा इतिहास असतो, आणि तो कुणी विचारलेला नसतो.

प्रश्न मुलांनी आदल्या दिवशी वहीत लिहिले होते. एकानं फोन धरायचा, एकानं विचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आजी आधी फोनकडं बघून लाजल्या, मग विसरल्या. भाताच्या जाती निघाल्या : जिरवेल, रायभोग, आंबेमोहोर, काळभात. काळभाताचं टरफल काळं, शिजला की वास ओटीवर यायचा. बी कसं राखायचं, राखेत की उंदरापासून दूर टांगून. रायभोग आता कोण लावत नाही, म्हणाल्या.

परत आल्यावर मी एक प्रयोग केला. ते रेकॉर्डिंग मारुतीच्या पाराशी जाऊन बोलून टाइप होणाऱ्या कीबोर्डला ऐकवलं. पडद्यावर काळभाताचा ‘काल भात’ झाला. आजींची ठाकरी बोली त्याला जेमतेम चौथा हिस्सा कळली. मुलांना तर हसू आवरेना, आणि मग एकेकानं दुरुस्त्या सुरू केल्या. यंत्राला न आलेलं आपल्याला येतं, हा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. ठाकर, महादेव कोळी घरांतली ही मुलं. शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी म्हणून वर्गात अनेकदा गप्प बसतात. आज त्यांची बोली ही अडचण नव्हती, तेच जाणकार होते.

शेवटी हातानंच लिहायचं ठरलं. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मागं न्यायचं. इतकं मन लावून ऐकून केलेलं श्रुतलेखन मी पुस्तकातल्या उताऱ्यावर कधी घेऊ शकले नसते. साडेचार वाजेपर्यंत सव्वा पान झालं.

सायंकाळी ५

शाळा सुटली. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष लावणीवरूनच आले, पाय चिखलानं भरलेले. टीव्हीचा एक कोपरा काळा पडत चाललाय, तो दाखवला. त्यांनी विचारलं, शासनाचे पैसे येतात ना? समग्र शिक्षातून संयुक्त अनुदान येतं, पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, फाटलेली चटई, गळका पत्रा, सगळं. पट ३० वर आला की तेच १०,००० होतात. आम्ही चौतीसवर आहोत, आणि दोन घरं दिवाळीनंतर संगमनेरला जायचं म्हणतायत. अध्यक्षांनी हिशेब लगेच लावला. “म्हणजे चार पोरं गेली की पंधरा हजार गेले.” टीव्ही दुरुस्तीला सप्ताहाच्या वर्गणीतून काही निघतं का बघतो म्हणाले.

रात्री ८.३०

आता फोन दुसऱ्या कामाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शिकवणारी मालिका सुरू झाली, ती चांगली होती. पण वाडीत टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी आणि फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला. तेव्हा आम्ही ओट्याओट्यावर चार-चार मुलं घेऊन बसलो. फोन घरी नसतो, बापाच्या खिशात असतो, हे तेव्हा नीट कळलं. म्हणून आता मी मुलांना गृहपाठ फोनवर पाठवतच नाही. पालकांना मुलांचं वाचन पाठवते.

सकाळी ‘प्रवत’ स्वतः पकडलेल्या मुलाचे वडील नारायणगावला मजुरीला आहेत. त्यांना सायंकाळी जून आणि जुलैमधलं त्याच्या वाचनाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. ते त्यांच्या एकट्याच्या नंबरवर जातं, आणि मुलाला विचारूनच. त्यांचा आवाजी निरोप आला होता. मागं गाड्यांचा आवाज. “मॅडम, दोन्ही ऐकली. दुसऱ्यात थांबत नाही तो. मंडळींना पण ऐकवलं इथल्या.”

उद्यासाठी शाब्दिक उदाहरणं हवी होती. हल्ली मी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका चॅटबॉटला सांगते आणि तो क्षणात वीस उदाहरणं देतो. सफरचंदं, सुपरमार्केट, बसचं तिकीट. आकडे ठीक असतात, जग परकं असतं, आणि मध्येच एखाद्या शब्दाचं लिंग चुकलेलं असतं. मुलांचं नाव किंवा फोटो त्यात कधी टाकत नाही, आणि न वाचता एकही ओळ वर्गात नेत नाही. आज वीसांतली सात ठेवली. सफरचंदांची करवंदं केली, सुपरमार्केटचा राजूरचा बाजार केला, एका उदाहरणात पेढे घातले. पूर्वी या कामाला दीड तास लागायचा, आता वीस मिनिटं. वाचलेला वेळ मी फायली ऐकण्यात घालवते. तिसरीतल्या पाच जणांची राहिली होती, ती ऐकली. दोघांना रफार, एक शेवटचं अक्षर गिळतो, दोघं ठीक.

मग टाचण. तिसरी : रफाराचे शब्द, जोडीनं वाचन, त्या दोघांना आज गोल केलेल्या मुलाशेजारी बसवणे, तो शिकवेल. चौथी : राहिलेल्या चौघांची माऊसची पाळी, मग १/३ आणि १/४ वहीत. तिसरा तास : आजींचं लिखाण पुढं, आणि मुलांनी सुटायच्या आधी वहीत लिहून ठेवलेला नवा प्रश्न त्यांना विचारायला जाणे : रायभोगाचं बी अजून कुणाकडे आहे?